टेंडर, गुत्तेदार आणि वकील

(धाराशिव जिल्ह्यातील मजूर सहकारी संस्थांचे सभासद, बचत गटांच्या भगिनी व लहान गुत्तेदार यांच्या सभेत झालेले भाषण)



आज येथे जमलेली मंडळी पाहून आम्हांस समाधान वाटते. पुढे बचत गटांच्या भगिनी बसल्या आहेत. त्यांच्या मागे दगडखाणीवर आणि रस्त्याच्या कामावर हयात घालवलेले मजूर संस्थांचे सभासद आहेत. आणि भिंतीला टेकून जे उभे आहेत ते आमचे लहान गुत्तेदार बंधू. बसावयास जागा असूनही ते उभे आहेत, कारण कचेरीत ताटकळत उभे राहण्याची त्यांना सवय जडली आहे. त्यांनी कृपा करून बसून घ्यावे. येथे कोणी साहेब नाही.

सभेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला आहे तो असा की, सरकारी काम अन्यायाने दुसऱ्यास दिले गेले तर वकिलाच्या साह्याने दाद कशी मागावी. हा विषय ऐकताच दारातच एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "वकील करून काय होते हो? टेंडर ज्याचे ठरलेले असते त्यालाच मिळते. आपण कोर्टाची पायरी चढायची आणि पुढच्या बिलाला मुकायचे." हे बोलणे अगदीच खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे सांगावे एवढ्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत.

पुण्यामुंबईकडे ज्यास ठेकेदार म्हणतात त्यास आपल्या मराठवाड्यात गुत्तेदार म्हणतात, आणि गुत्ता ही वस्तू आपल्या मुलखास नवी नाही. निजामाच्या राज्यात एके काळी सरकारी साराच गुत्त्याने दिला जात असे. जो सावकार दरबारात आगाऊ रक्कम मोजी, त्याच्या हाती तालुकेच्या तालुके जात, आणि मग ती रक्कम तो रयतेच्या पाठीवरून वसूल करी. 1853 साली पहिले सालारजंग दिवाण झाले, त्यानंतर ही इजारेदारी क्रमाक्रमाने मोडली गेली. त्याच साली आपला नळदुर्गचा मुलूख कर्जाच्या फेडीपोटी कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, तो 1860 मध्ये परत आला. दौलत कोणाकडून कोणाकडे गेली, गुत्ता कोणास मिळाला, हे रयतेस कळे तेव्हा सारे होऊन गेलेले असे. "अमक्यास का दिला व आम्हांस का नाही" असे विचारण्याचा अधिकार कोणास नव्हता. विचारील तर त्याची जीभ हासडली जाई.

आज तो अधिकार आहे. 26 जानेवारी 1950 पासून आहे. घटनेच्या 14 व्या कलमाने सरकारने सर्वांस समान लेखिले पाहिजे, आणि सरकार व्यापार करावयास बसले तरी हे कलम त्याच्या मानेवरून उतरत नाही. घरचा मालक आपल्या विहिरीचे काम मेहुण्यास देईल. त्यास कोण विचारणार? पण जिल्हा परिषदेची विहीर ही कोणाच्या घरची नाही. तिचा पैसा तुमच्याआमच्या काड्यापेटीवरच्या करातूनही आलेला आहे.

आपल्या चळवळीतील माणसास तर हा विषय परका वाटण्याचे कारणच नाही. महात्मा जोतीराव फुले हे स्वतः गुत्तेदार होते, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' ही त्यांची पेढी. खडकवासल्याच्या धरणास त्यांनी माल पुरवला, कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल या कामांत त्यांचा हात होता. मुंबईत सत्यशोधक समाजास ज्यांनी पैशाचे व माणसांचे बळ दिले, ते जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळाजी काळेवार आदी तेलगू बंधूही बांधकामाच्या धंद्यातलेच. सरकारी बांधकामात मजुराचा घाम कोठे जिरतो आणि पैसा कोठे मुरतो हे या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. असो. जोतीरावांचे नाव घेऊन टाळ्या मिळवण्याचा आमचा हेतू नाही. काम घेणे ही लाजिरवाणी गोष्ट नसून कष्टकऱ्याच्या पोराने ते ताठ मानेने मागावे, इतकेच सांगावयाचे होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1977 साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन फराळाची दुकाने चालवण्यासाठी टेंडर निघाले. अट अशी होती की, अर्जदार हा नोंदलेला दुसऱ्या दर्जाचा हॉटेलवाला असावा व त्यास किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. काम मिळाले ते ज्याचा दर सर्वांत चढा होता त्यास. पण तो हॉटेलवाला नव्हता, कँटिने चालवणारा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रमणा दयाराम शेट्टी यांचा तो खटला. 1979 साली न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की, सरकारी मंडळाने जी अट स्वतः घातली ती त्याने स्वतःही पाळलीच पाहिजे. मनात येईल तेव्हा अट, मनात येईल तेव्हा सूट, असे चालणार नाही. आज देशात टेंडरबद्दल जो कोणी वकील कोर्टात उभा राहतो, तो या निकालाचा आधार घेतल्यावाचून राहत नाही.

परंतु या खटल्याचा शेवट किती जणांस ठाऊक आहे? शेट्टी यांचे तत्त्व जिंकले आणि शेट्टी हरले. त्यांनी स्वतः टेंडर भरलेलेच नव्हते, दुसऱ्या कोणासाठी ते पुढे झाले आहेत असे न्यायालयास दिसले, आणि काम दिल्यावर पाच महिन्यांहून अधिक काळ लोटल्यानंतर ते कोर्टात आले. तोवर समोरच्याने दुकाने मांडून त्यात पैसा घातला होता. न्यायालय म्हणाले, चूक झाली खरी, पण आता हे काम मोडणार नाही. आपल्यापैकी ज्यांस "बघू, साहेबांच्या कानावर घालू, आषाढ जाऊ द्या" असे म्हणण्याची खोड आहे, त्यांनी हा शेवट घरी जाऊन दोनदा आठवावा.

न्यायालय काय करते आणि काय करीत नाही, याविषयी आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. कोर्टात गेलो की काम आपल्यास मिळेल, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. 1994 साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतील मोबाइल टेलिफोनच्या परवान्यांवरून टाटा सेल्युलरचा खटला झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की, कोणाचे टेंडर उत्तम हे ठरवावयास आम्ही बसलेलो नाही; निर्णय कोणत्या रीतीने झाला एवढेच आम्ही पाहू. पुढे 2006 च्या डिसेंबरात जगदीश मंडल यांच्या खटल्यात दोन प्रश्न घालून दिले. निर्णय लबाडीने, कोणाच्या भल्यासाठी, किंवा शहाण्या माणसास पटणारच नाही इतका मनमानीने झाला आहे काय? आणि त्याने लोकहितास बाधा येते काय? या दोन्हींचे उत्तर 'नाही' आले तर कोर्ट हात घालणार नाही. हरलेल्या गुत्तेदाराचा रुसवा आणि धंद्यातील चुरस यांना तेथे थारा नाही, हेही त्याच निकालात बजावले आहे. आम्हांस हे योग्यच वाटते. जो तो हरला की कोर्टात धावू लागला, तर आपल्या गावच्या पुलाचे खांब जन्मभर उघडेच राहतील.

अलीकडे तर हा चिमटा अधिक आवळला आहे. 2018 साली विशिष्ट दाद अधिनियमात दुरुस्ती झाली, आणि रस्ते, पाणीपुरवठा, वीज अशा पायाभूत कामांस दिवाणी न्यायालयाने मनाईहुकूम देऊ नये असे ठरले. 2022 च्या मार्चमध्ये झारखंडातील एका रस्त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांनाही सांगितले की, अशा कामांस स्थगिती देताना हात आखडता घ्या. अन्याय झालाच असेल तर नुकसानभरपाईचा विचार करा. म्हणून सांगतो की, खोदाईचे यंत्र जागेवर आल्यानंतर कोर्टात जाणे आणि वरात निघून गेल्यावर मांडवात येणे सारखेच.

मग दाद लागते तरी कोणाची? याचे उत्तर आपल्याच राज्यात, आपल्यासारख्याच बायांनी दिले आहे. त्या खटल्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो.

अंगणवाडीतील लहान मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता यांस घरी नेण्याचा शिधा सरकार देते. त्याचे काम कोणी करावे? सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2004 रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात हुकूम दिला होता की, अंगणवाडीच्या आहारात गुत्तेदार नकोत. गावची मंडळी, बचत गट आणि महिला मंडळे यांच्या हातून तो व्हावा. हुकूम इतका स्वच्छ होता की शाळकरी पोरासही कळावा. पण आपल्या राज्यात युक्ती निघाली. पुढे पाटी महिला संस्थेची, आत कारखाना खासगी मालकाचा! न्यायालयाने नेमलेल्या अन्न आयुक्तांच्या 2012 च्या अहवालात महाराष्ट्रातील या प्रकाराचा पंचनामाच झाला. बाईच्या पदराआड शेटजी बसला होता.

पुढे 2016 साली या शिध्याचे नवे टेंडर निघाले. राज्यात बालविकास प्रकल्प साडेपाचशेच्या वर. त्यांचे सत्तर गट बांधण्यात आले. आता विचार करा. एका तालुक्याचा शिधा आपल्या भूमची किंवा कळंबची एखादी बचत गटाची टोळी, चार गिरण्या आणि दोन भट्ट्या घेऊन, कष्टाने का होईना पुरवू शकेल. पण सात-आठ प्रकल्पांचा माल एकदम पुरवावयाचा, त्यासाठी यंत्रसामग्री दाखवावयाची, लाखोंची उलाढाल दाखवावयाची, हे त्यांनी कोठून करावे? कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते की बचत गटांनी येऊ नये. दार उघडेच होते. फक्त उंबरठा पुरुषभर उंच केला होता.

वैष्णोराणी महिला बचत गट नावाचा एक गट या अटींविरुद्ध उभा राहिला. उच्च न्यायालयानंतर प्रकरण दिल्लीस गेले. 26 फेब्रुवारी 2019 रोजी न्यायमूर्ती अरुण मिश्रा व न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी निकाल दिला. मोठ्या उद्योगांस सोयीच्या अशा या अटी आहेत, बचत गटांना त्या बाहेर ठेवतात, सबब ते टेंडर रद्द, आणि चार आठवड्यांत नव्या अटींनी नवे टेंडर काढावे, असा तो हुकूम. 6,300 कोटी रुपयांची ती कामे होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून छापून आले. सहा हजार तीनशे कोटी! आणि दावा कोणाचा? महिन्याला शंभर-दोनशे रुपये जमा करणाऱ्या बायांच्या गटाचा.

यातील वर्म नीट ध्यानात घ्या. त्या गटाने "आमचा दर चांगला होता" असे भांडण मांडले नाही. तसे मांडले असते तर कोर्टाने टाटा सेल्युलरचा दाखला देऊन परत पाठवले असते. त्यांचे म्हणणे असे होते की, कोर्टाचाच 2004 चा हुकूम आहे, अन्नसुरक्षेचा 2013 चा कायदा आहे, आणि सरकारने घातलेली अट या दोहोंच्या विरुद्ध जाते. म्हणजे भांडण स्वतःच्या नफ्याचे न ठेवता ते कायद्याचे केले. हे काम वकिलाचे. आपल्या तक्रारीत शंभर गोष्टी असतात: कारकून उद्धट बोलला, अमक्याने तमक्यास जेवण दिले, साहेबाची बदली झाली. वकील त्यातील अठ्ठ्याण्णव बाजूस सारतो आणि ज्या दोन कोर्टात टिकतील त्या उचलतो. अशिलास वाटते, आपले म्हणणे त्याने मांडलेच नाही! पण गव्हातील खडे वेचून टाकल्यावाचून पीठ होत नाही.

दुसरे, हेही लपवणार नाही की, टेंडर निघाले 2016 च्या मार्चमध्ये आणि निकाल लागला 2019 च्या फेब्रुवारीत. तीन वर्षांस थोडे कमी. आणि निकालाने त्या गटाच्या हाती काम दिले नाही; फक्त दार पुन्हा मोजून घ्यावयास लावले. ज्यास एवढ्यावर समाधान मानता येत नाही त्याने या वाटेस जाऊ नये.

आता आमच्या पाहण्यातील दोन गोष्टी सांगतो. नावे सांगणार नाही, कारण ती मंडळी अजून त्याच कचेऱ्यांत काम करून पोट भरतात.

एका मजूर संस्थेने गावरस्त्याचे टेंडर भरले. तांत्रिक लिफाफ्यात ते नापास झाले. कारण काय, तर काँक्रीट मिक्सर स्वतःच्या मालकीचा असल्याचा दाखला जोडला नाही. मूळ टेंडरात असा दाखला मागितलेलाच नव्हता! आणि ज्यास काम मिळाले त्यानेही तो जोडला नव्हता. इतके उघड प्रकरण. पण संस्थेचे चेअरमन पुढाऱ्याच्या बंगल्यावर चार वेळा गेले. चारही वेळा चहा मिळाला. पाचव्या महिन्यात ते वकिलाकडे आले तेव्हा रस्ता होऊन त्यावरून एसटी धावत होती. वकिलाने कागद वाचले, प्रकरण खरे असल्याचे सांगितले आणि फी न घेता परत पाठवले. असा वकील भेटला हेही त्यांचे भाग्यच.

दुसरी गोष्ट एका बचत गटाची. जेवण पुरवण्याच्या कामाचे टेंडर निघाले, त्यात उलाढालीची अट अशी की सबंध तालुक्यात एकच इसम तीत बसावा. गटाची सचिव बारावी शिकलेली मुलगी. तिने टेंडर पोर्टलवरून उतरवून घेतले, त्याच आठवड्यात वकिलास दाखवले, आणि भरण्याची मुदत संपण्याआधी लेखी हरकत पाठवली. पोच घेतली. कचेरीने आठ दिवस काही केले नाही. मग एके दिवशी शुद्धिपत्रक निघून अट खाली आली. कोर्टात जावेच लागले नाही. गटाने टेंडर भरले आणि ते हरले, कारण दुसऱ्याचा दर कमी निघाला. सचिवबाई आम्हांस म्हणाल्या, "आम्ही दरात हरलो, त्याचे वाईट वाटत नाही. पुढच्या वेळी गॅसऐवजी कोळशाचा हिशेब धरू."

या दोन गोष्टींत मुदतीचाच फरक आहे. कायदा असा की, अट पसंत नसेल तर टेंडर भरण्याच्या मुदतीआधी हरकत घ्यावी. अट मान्य करून टेंडर भरावयाचे, आणि हरल्यावर अटच वाईट होती म्हणावयाचे, हे कोर्ट ऐकत नाही. खेळून झाल्यावर पत्त्यांची तक्रार करू नये. आणि आपल्यास नापास केले असेल तर तांत्रिक निकाल पोर्टलवर लागतो त्याच दिवशी त्याची प्रत काढून घ्यावी. काही खात्यांत हरकतीस दोन-तीन दिवसांचीच मुदत मिळते. कार्यारंभ आदेश निघण्याच्या आत रिट अर्ज दाखल झाला तर त्यात जीव असतो. आदेशानंतर प्रत्येक दिवसागणिक तो क्षीण होत जातो.

कागद कसे मिळवावे? टेंडर भरलेल्यास पोर्टलवरच पुष्कळसे दिसते. बाकीचे माहितीच्या अधिकाराने मागावे. 2005 चा कायदा, दहा रुपयांची फी, तीस दिवसांची मुदत, न दिल्यास पहिले अपील. परंतु टेंडरच्या भांडणात तीस दिवस थांबणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय. अर्ज अवश्य करावा, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत कोर्ट लांबवू नये. जे कागद हाती आहेत त्यांवर वकील अर्ज तयार करतो आणि उरलेले कागद हजर करण्याचा हुकूम कोर्टाकडे मागतो.

एका घरातून तीन टेंडरे येण्याचा प्रकार आपल्याकडे फार. नवरा, मेहुणा आणि पुतण्या. तिघांची बयाणा रक्कम एकाच बँकेतून, एकाच दिवशी. बाहेरचा कोणी आला तर त्यास फोन जातो, आणि तरीही त्याने भरले तर मग पंचवीस-तीस टक्के बिलोने काम उचलून त्यास पाडावयाचे. अशा संगनमताविरुद्ध 2002 चा स्पर्धा अधिनियम आहे. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या टेंडरात संगनमत केल्याबद्दल स्पर्धा आयोगाने 2018 साली काही कंपन्यांस दंड ठोठावला होता. तो मार्ग दिल्लीचा आहे व लहान कामास परवडणारा नाही. पण असे पुरावे उच्च न्यायालयातील अर्जासही बळ देतात, म्हणून त्यांची नोंद ठेवावी.

आपला जिल्हा औरंगाबाद खंडपीठाखाली येतो. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरास न्यायालय बसू लागले व शेजारचे सोलापूर तिकडे गेले. त्यामुळे तुळजापूर-उमरग्याकडील काही मंडळींचा समज झाला आहे की आपणही तिकडेच जावे. नाही. आपण छत्रपती संभाजीनगरासच जावयाचे. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, एक मुक्काम, वकिलाची फी, कागदांच्या छायाप्रती, शपथपत्र. गरिबास हा खर्च कसा झेपावा?

येथे एक गोष्ट भगिनींनी पदरात गाठ मारून ठेवावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या 12 व्या कलमाने स्त्रियांस, तसेच अनुसूचित जातीजमातींच्या माणसांस, उत्पन्न किती आहे हे न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो. धाराशिवला जिल्हा न्यायालयात त्याची कचेरी आहे, खंडपीठातही तशी समिती आहे. संस्थेच्या नावाने मागताना कदाचित प्रश्न निघतील. तेव्हा सभासद बाईने स्वतःच्या नावाने अर्ज करावा आणि तेथील वकिलाचा सल्ला घ्यावा. हे दान नव्हे. कारकुनाने कपाळास आठी घातली तर ती आठी त्याच्याजवळच राहू द्यावी.

वकिलाविषयीही दोन शब्द. जो वकील पहिल्याच भेटीत "काम तुम्हांलाच मिळवून देतो" म्हणतो त्याच्या पायरीवरून उतरावे. असे आश्वासन न्यायमूर्तींनाही देता येत नाही. जो आधी तारखा विचारतो, मूळ टेंडर मागतो, आणि ज्यास काम मिळाले त्यास प्रतिवादी केले पाहिजे असे सांगतो, तो आपला धंदा जाणतो असे समजावे. दिवाणी दावा घालावयाचा तर सरकारास दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. रिट अर्जास ती लागत नाही. आमच्या माहितीत काही जणांनी नोटिशीतच हंगाम घालवला.

आणखी एक गोष्ट बोलणे प्राप्त आहे, मग कोणास राग येवो. अलीकडे काही मंडळी काम मिळावे म्हणून नव्हे, तर तोडपाणी व्हावे म्हणून कोर्टात अर्ज टाकतात. स्थगिती मिळाली की समोरच्याशी बैठक, पैसे, आणि अर्ज मागे. यात मजुराचे काय? त्याची मजुरी बुडाली ती बुडालीच. हे लोक लबाड अधिकाऱ्याहून कमी दोषी नाहीत, आणि यांच्यामुळेच खऱ्या तक्रारदाराकडेही न्यायमूर्ती संशयाने पाहू लागतात. आपल्यातील कोणी हा धंदा करीत असेल तर संस्थेने त्याचे नाव पटावरून काढावे.

काल एकाने विचारले, इतक्या उशिरा का होईना, कोर्टात गेलेले कधी कामी येते काय? येते, पण निराळ्या रीतीने. आपल्या तुळजापूरचेच पाहा. तुळजाभवानीच्या मंदिरात सिंहासनापुढील दानपेटीचा लिलाव होत असे, म्हणजे देवीच्या दानाचाच गुत्ता. 1991 ते 2009 या काळातील लिलावांत साडेआठ कोटींच्या घरातला अपहार झाल्याचा आरोप झाला. चौकश्या झाल्या, अहवाल झाले. अखेर प्रकरण खंडपीठात गेले आणि 2024 च्या मे महिन्यात गुन्हा नोंदवण्याचा हुकूम झाला. आरोप शाबीत होणे न होणे हे पुढचे. तो न्यायालयाचा प्रश्न आहे. पण लिलाव चालू असताना, पहिल्या दुसऱ्या वर्षीच, कोणी कागद घेऊन वकिलाकडे गेले असते, तर पेटीवर वर्षानुवर्षे लिलावाचे सावट पडले नसते असे आम्हांस वाटते. तेव्हा लोक म्हणत, देवीचे देवी बघेल. देवीने बघावे की नाही हा तिचा प्रश्न. जिल्हाधिकारी ज्या संस्थानचे अध्यक्ष आहेत त्याचे हिशेब बघणे हे भक्ताचेही काम आहे.

आता भिंतीजवळच्या बंधूंचा एक प्रश्न राहिला: कोर्टात गेल्यास पुढची बिले अडतील. भीती खरी आहे. एकट्याने गेल्यास नक्की अडतील. म्हणून एकट्याने जाऊ नये. मजूर संस्थांनी व गटांनी मिळून एक वही घालावी. जिल्ह्यात कोणते टेंडर कधी निघाले, अट काय, भरण्याची शेवटची तारीख कोणती, किती जणांनी भरले, कोणास का नापास केले, हे दर आठवड्यास त्यात लिहावे. लिहिणारी मुले-मुली आता घरोघर आहेत. एका बाजूस कचेरीचे उत्तर, दुसऱ्या बाजूस पोचीचा क्रमांक. महिन्यास प्रत्येक संस्थेने शंभर रुपये वकील निधीत टाकावे. बिल अडवले गेले तर तेही त्याच वहीत तारखेसह लिहावे; सूडाने अडवलेल्या बिलाची नोंद कोर्टापुढे उत्तम पुरावा होतो.

येताना ज्यांनी टेंडराचे कागद बरोबर आणले आहेत त्यांनी आता पुढे यावे. वकीलसाहेब तिसऱ्या बाकावर बसले आहेत, आणि त्यांची परतीची गाडी साडेसहाची आहे. ज्यांची मुदत या आठवड्यात संपते त्यांचे कागद आधी घेऊ.